बेळगावच्या चौकात बसून माणसं कशी बघावीत

बेळगावचा चौक बाहेरच्यांना माहीत असतो तो बातम्यांतून. १ नोव्हेंबरचा मराठी भाषकांचा काळा दिन आणि त्याच दिवशीचा कर्नाटक राज्योत्सव, १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन, डिसेंबरातल्या कर्नाटक विधिमंडळाच्या अधिवेशनाचा बंदोबस्त, कधी एखाद्या एसटीला फासलेलं काळं. हे मोजके दिवस सोडले तर उरलेल्या वर्षात त्याच चौकात जे चालतं ते कुणी छापत नाही. तिथं मेथीच्या पेंडीचा भाव ठरत असतो, शाळा सुटलेली पोरं रिक्षात कोंबली जात असतात, आणि वाटणीचा दावा लढणारे दोन भाऊ कोर्टातून बाहेर पडून एकाच टपरीवर चहा पीत असतात.

सीमाभागाबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. चौकात तासभर गप्प बसून बघणारे थोडे. हे बघणं कुणालाही जमण्यासारखं आहे, पण ते आपोआप जमत नाही. जागा कुठली, वेळ कुठली, नजर कशी ठेवायची, काय टिपायचं आणि काय टिपायचं नाही, या सगळ्याला एक पद्धत आहे. मी बेळगावातल्याच शहापूरची, बाई माणूस, आणि एकटीनं बसून बघते. त्यामुळे पुढचं सगळं त्या अनुभवातून आलेलं आहे.

आधी चौक ठरवा, आणि तो बदलू नका

नवीन माणूस एका संध्याकाळी चार चौक फिरतो आणि चारही विसरतो. एकच चौक घ्या, त्यातला एकच कोपरा घ्या, आणि महिना-दोन महिने तिथंच जा. पहिल्या खेपेला गर्दी दिसते. चौथ्या-पाचव्या खेपेला त्या गर्दीतली माणसं वेगळी व्हायला लागतात: हा रोज याच वेळी येतो, ही फुलवाली आज नाही, या रिक्षावाल्यानं रिक्षा बदलली. खरं बघणं इथून पुढे सुरू होतं.

कुठला चौक निवडायचा ते तुम्हाला काय बघायचंय त्यावर आहे.

राणी चन्नम्मा चौक म्हणजे कागदांचा चौक. जिल्हाधिकारी कार्यालय आणि कोर्ट बाजूलाच, त्यामुळे अकराच्या सुमाराला सगळा जिल्हा हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन इथं उतरतो. पिशवीत उतारे, आधार कार्डाच्या झेरॉक्स, पासपोर्ट फोटो. काळे कोट, बाँड रायटर, टायपिस्ट, त्यांच्यासमोर अर्ज लिहून घेणारी माणसं. शिवाय कॉलेज रोडची पोरं-पोरी. मात्र घोड्यावरच्या राणीच्या पुतळ्याभोवती वाहनं अखंड फिरत असतात, म्हणून चौकाच्या मध्याकडे न बघता कडेच्या फुटपाथांकडे बघा.

धर्मवीर संभाजी चौक, जुन्या माणसांची बोगारवेस, हा वाट बघणाऱ्यांचा चौक. टिळकवाडी, वडगावकडच्या बसची वाट बघत लोक उभे असतात आणि वाट बघणारा माणूस स्वतःला विसरलेला असतो. नवशिक्यानं इथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे.

गणपत गल्ली आणि कंबळी खुटाचा भाग हा हातांचा. देणं, घेणं, तोलणं, मोजणं. इथं तासभर बसलात तरी वेळ अपुरा वाटतो, पण बसायला जागा शोधणं सगळ्यात अवघड.

चौक नसून चौकापेक्षा सरस अशी एक जागा आहे, ती म्हणजे टिळकवाडीतलं रेल्वे गेट. फाटक पडलं की स्कूटीवरची बाई, सायकलवरचा गवंडी, मोटारीतला डॉक्टर आणि पायी चाललेली आजी सगळे एका रेषेत थांबतात. गाडी जाईपर्यंतची ती काही मिनिटं कुणालाच काही करता येत नाही. कोण इंजिन बंद करतो, कोण फाटकाखालून वाकून जायला बघतो आणि त्याला मागून कोण ओरडतं, कोण मोबाइल काढतो, कोण शेजारच्याशी बोलायला लागतो, हे सगळं एकदम दिसतं.

निपाणी किंवा खानापूरला राहणाऱ्यांनी बसस्थानकाबाहेरचा कोपरा धरावा आणि आठवडी बाजाराचा दिवस साधावा. लहान गावात एक अडचण आहे, की तिथं तुम्हाला सगळे ओळखतात. तिच्याबद्दल पुढे सांगते.

वेळेचं गणित

चौक दिवसात निदान चार वेळा माणसं बदलतो. पहाटे साडेपाच ते सात ही पेपरवाल्यांची, दूधवाल्यांची आणि आसपासच्या गावांतून बुट्ट्या (टोपल्या) घेऊन उतरणाऱ्या बायकांची वेळ. तेव्हा कुणी रेंगाळत नाही, पण सगळे एकमेकांना ओळखत असतात, म्हणून बोलणं अर्ध्या वाक्यांत चालतं. आठ ते दहा शाळा, कॉलेज, ऑफिस. काही कोपऱ्यांवर गवंडी, सेंट्रिंगवाले, बिगारी डबा घेऊन उभे असतात. कुणाला काम मिळालं आणि कोण अजून उभा आहे हे नऊ वाजता बघा आणि पुन्हा साडेदहाला बघा. मला चौकातली सगळ्यात जड वाटणारी वेळ हीच.

दुपारी दोन ते चार ही वेळ लोक वाया गेलेली मानतात. तसं नाही. गर्दी ओसरलेली असताना दुकानदार, हमाल, रिक्षावाले आपापसात कसे वागतात ते तेव्हाच दिसतं. गिऱ्हाईक नसलं की दुकानदाराचा आवाज बदलतो.

संध्याकाळी पाच ते आठ सगळं बेळगाव बाहेर पडतं. नवशिक्याला हीच वेळ सोपी वाटते, कारण गर्दीत बसलेल्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. शनिवारी त्यात बाजारकरांची भर पडते.

ऋतूही धरून ठेवा. जुलै-ऑगस्टच्या झडीत दुकानांच्या पत्र्याखाली अनोळखी माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहतात आणि बोलायला लागतात. मे महिन्यात खानापूर-चंदगडकडच्या बायका करवंदं, जांभळं घेऊन येतात. पावसाळा संपता संपता रताळी येतात. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेच्या दिवसांत कपाळाला भंडारा लावलेली माणसं बसस्थानकाच्या बाजूनं गटागटानं दिसतात, त्यात कोल्हापूरकडचीही असतात. आणि डिसेंबरात सुवर्णसौध या विधिमंडळाच्या इमारतीत अधिवेशन भरलं की चौकात अनोळखी पोलीस येतात, दूरच्या जिल्ह्यांतून बंदोबस्ताला आलेले. तेही माणसंच आहेत. कुठं जेवायचं, कुठं टेकायचं, गावाकडे फोन कधी लावायचा, याच्या विवंचनेत असतात. त्यांच्याकडे तसं बघा.

कुठं बसायचं, कसं बसायचं

पाठीला भिंत हवी, डोळ्यांवर ऊन नको, आणि कुणाच्या धंद्याच्या आड यायचं नाही. या तिन्ही गोष्टी जुळणारी जागा शोधायला अर्धा तास घालवलात तरी चालेल.

चहाची टपरी ही सगळ्यात सोपी जागा. पण टपरीवरची जागा म्हणजे त्या माणसाची रोजीरोटी. गर्दीच्या वेळी एका चहावर तासभर बाक अडवायचा नाही. दोघं असाल तर ‘बाय टू’, म्हणजे एक चहा दोघांत, सांगायला कुणी हरकत घेत नाही, पण थोड्या वेळानं पुन्हा काहीतरी घ्या. बिल देताना मोड, म्हणजे सुट्टे पैसे, द्या. टपरीवाल्याशी ओळख झाली की तोच सांगतो, “ताई, हिथं बसा, तिथं ऊन येतंय.”

दुकानाच्या पायरीवर बसायचं असेल तर विचारून बसा. “काका, जरा टेकू का हितं?” एवढं पुरतं. शटर उघडायच्या आधीची पायरी मोकळी असते, उघडल्यानंतरची नसते. दुकानापुढं दुचाकी लावून तिच्यावरच बसून राहणं टाळा, ते कुणालाच आवडत नाही.

बायकांसाठी थोडं वेगळं सांगते. पुरुष कट्ट्यावर बसला तर तो बसलेला असतो. बाई बसली तर तिला काहीतरी झालेलं असतं, असं अजूनही लोकांना वाटतं. फुलवाल्या आणि भाजीवाल्या बायकांच्या ओळीजवळची जागा सगळ्यात चांगली. त्यांच्याकडून काहीतरी घ्या, दोन शब्द बोला, आणि तिथंच उभं राहा किंवा बसा. त्या बायका तुमच्यावर लक्ष ठेवतात, न सांगता. देवळाची पायरी, बसथांब्याचा बाक, ज्यूस सेंटरच्या खुर्च्याही चालतात. सोबत कापडी पिशवी असू द्या. पिशवी असली की बाई बाजाराला आली आहे असं लोक समजतात आणि आपापल्या कामाला लागतात.

नजर

रोखून बघायचं नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी बहुतेकांची चूक इथंच होते, कारण आपण चेहऱ्याकडे बघतो. चेहऱ्यावर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त नजर ठेवली की समोरच्याला ती कळते, पाठमोऱ्या माणसालासुद्धा कधीकधी. म्हणून हात बघा, पाय बघा, ओझं बघा. माणूस पिशवी कुठल्या हातात धरतो, ती किती वेळा बदलतो, पैसे कुठून काढतो, चप्पल कशी झिजली आहे. चेहऱ्यापेक्षा हात खरं बोलतात, आणि हाताकडे बघितल्याचा कुणाला त्रास होत नाही.

नजर एका माणसावर न ठेवता एका जागेवर ठेवा. एक विजेचा खांब धरा, एक बसथांबा धरा, आणि त्या चौकटीतून कोण जातं ते बघा. माणूस चौकटीबाहेर गेला की त्याला जाऊ द्या. मान वळवून त्याच्या मागे नजर नेऊ नका आणि उठून त्याच्या मागे तर मुळीच जाऊ नका. हा नियम पुरुषांनी बायकांच्या बाबतीत दुप्पट पाळावा. चौकातल्या मुलीला बघितलं जाण्याचा रोजचाच कंटाळा असतो, तुमच्या अभ्यासानं त्यात भर पडू नये. कुणाची नजर आलीच तर किंचित मान हलवून दुसरीकडे बघा. दचकून नजर चोरली तर संशय येतो.

काळा गॉगल घालून बसू नका. तुमचे डोळे लोकांना दिसू द्या.

काय बघायचं

थांबण्यापासून सुरुवात करा. चालणारी माणसं सगळी सारखी दिसतात, थांबली की वेगळी होतात. १९७० च्या दशकात विल्यम व्हाइट या अमेरिकी अभ्यासकानं न्यूयॉर्कच्या चौकांत कॅमेरे लावून लोकांचं वागणं टिपलं होतं. त्याला दिसलं, की ओळखीची दोन माणसं भेटली की ती बाजूला होत नाहीत, नेमकी वाटेच्या मध्यावर, कोपऱ्याजवळच्या दाट गर्दीत उभी राहून बोलतात. गणपत गल्लीत उभं राहून हे ताडून बघा. दोन विहिणी भेटल्या आहेत, दोघींच्या हातांत पिशव्या, मागून हातगाडीवाला “सरका, सरका” करतोय, आणि त्या फक्त अर्धं पाऊल सरकतात. निरोप घेतात, दोन पावलं जातात, पुन्हा वळून आणखी एक वाक्य बोलतात. हे ‘पुन्हा वळणं’ किती वेळा होतं ते बघत जा, त्यावरून नात्याचा अंदाज येतो.

मग व्यवहार. भाजीच्या बुट्टीसमोर बसलेल्या बाईकडे एक सबंध सकाळ द्या. ती वाटे कसे मांडते, पाणी कधी शिंपडते, सगळ्यात हिरवी पेंडी वर ठेवते की राखून ठेवते, पहिल्या भवानीचे पैसे कपाळाला लावते का. क्यूआर कोडचा पुठ्ठा बुट्टीला टेकवून ठेवलेला असतो. त्या खात्याचा फोन बहुतेक वेळा मुलाकडे असतो आणि पैसे आल्याचा आवाज तिच्यापर्यंत पोचत नाही. मग ती गिऱ्हाइकाच्या मोबाइलकडे बघते आणि विश्वास ठेवते. कुणावर ठेवते, कुणावर नाही, हे बघण्यासारखं आहे.

इथंच भाषा येते. सीमाभागात बसून माणसं बघायची आणि कान बंद ठेवायचे हे शक्य नाही. सौदा असा चालतो:

“मूवत्तु.” (तीस.)
“वीसला दे की ग.”
“परवडत नाही बघ ताई. पंचवीस दे.”
“देतो, खरं (पण) सुट्टे नाहीत.”
“असू दे, नाळे कोड.” (उद्या दे.)

कानडीत सुरू झालं, मराठीत वळलं, पुन्हा कानडीत संपलं, आणि दोघींपैकी कुणाला काही बदलल्याचं जाणवलंही नाही. थोडं पुढे गेलं की तोच सौदा दखनी हिंदीत होतो. माझ्या पाहण्यात तरी आधी वळतो तो विकणारा, कारण गिऱ्हाईक त्याला हवं असतं. पण सरकारी खिडकीपाशी उलटं होतं, तिथं वळावं लागतं ते अर्जदाराला. कोण कुणासाठी वळतं, एवढं एकच सूत्र धरून तुम्ही महिनाभर बसलात तर या शहराबद्दल तुम्हाला जे कळेल ते कुठल्याही भाषणातून कळणार नाही. मात्र ऐकताना एक पथ्य पाळा. शब्द ऐकू आले तर ऐका, ते ऐकण्यासाठी जवळ सरकू नका. घरगुती बोलणं कानावर आलं तर दुसरीकडे लक्ष द्या आणि ते वहीत उतरवू नका.

बसथांब्यावर आणखी एक गोष्ट बघायला मिळते. ११ जून २०२३ ला कर्नाटकात ‘शक्ती’ योजना सुरू झाली आणि राज्यातल्या बायकांचा साध्या बसचा प्रवास मोफत झाला. तेव्हापासून बस दिसली की बायका पर्समधून पैशांऐवजी आधार कार्ड काढतात. महाराष्ट्रातल्या चंदगडकडून आलेल्या बाईला मात्र हे लागू नाही. तिला तिच्या राज्याच्या एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. दोघी एकाच थांब्यावर, एकाच बोलीत एकमेकींच्या पोराबाळांची चौकशी करत उभ्या असतात. बस आली की एक कार्ड काढते, दुसरी पाकीट. आणि वाद तापून दोन्हीकडच्या बस सीमेवर थांबल्या, की त्या दिवशी थांब्यावर कोण अडकतं तेही बघा. घोषणा देणारे अडकत नाहीत. अडकतात ते दवाखान्याची फाइल घेऊन आलेले पेशंट आणि त्यांच्याबरोबर आलेली थकलेली माणसं, आणि कॉलेजची पोरं.

कपड्यांवरून गाव ओळखायची जुनी विद्या आता मोडत चालली आहे. तरी इरकल लुगडं, खणाची चोळी, पदर कुठल्या खांद्यावर, टोपीची घडी, धोतराचा काष्टा यांकडे लक्ष असू द्या. विणकरांच्या वस्तीत, वडगाव-खासबागला, साडी बघायची नजर वेगळीच असते. तिथल्या बायका दुसरीच्या पदराचा काठ बोटांनी चाचपून बघतात आणि मगच बोलतात.

अंदाज बांधा, पण लगेच विश्वास ठेवू नका

बघणारा आणि कुचाळक्या करणारा यांतला फरक इथं ठरतो. प्रत्येक दृश्याचे तीन भाग करा: मी काय बघितलं, मला काय वाटलं, आणि दुसरं काय असू शकतं. तिसरा भाग लिहिल्याशिवाय पुढच्या माणसाकडे जायचं नाही.

उदाहरण घ्या. बारीक कापलेले केस, ताठ पाठ, दोघं-तिघं मिळून चाललेली पोरं. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्यामुळे कुणीही म्हणेल, जवान. असतीलही. पण आमच्याकडच्या खेड्यांतली, चंदगडकडची कितीतरी पोरं भरतीची तयारी करत असतात आणि ती तसेच केस कापतात, तसंच चालतात. मग आणखी बघा. हातात दाखल्यांची फाइल आहे का? धावण्याचे बूट चिखलानं भरलेले आहेत का? दुकानात भाव विचारून परत फिरतात, की पाकीट काढतात? मध्येच भरतीच्या मैदानावरून परतलेला एखादा पोरगा एकटाच थांब्यावर बसलेला दिसतो, फोन उलटा धरून. तेव्हा मात्र अंदाज पुरे करावा आणि नजर काढून घ्यावी.

भाषेवरून माणसाची बाजू ठरवू नका. कानडी बोलणारा घरी मराठी बोलत असतो, मराठी पाटी लावणाऱ्याची आई कानडी असते, आणि उर्दू बोलणारा तुमच्यापेक्षा चांगली मराठी बोलतो. आडनावावरून ठरवू नका, कपाळावरून ठरवू नका. या शहरात असले अंदाज घाईघाईनं बांधणारे खूप आहेत, त्यात आपली भर नको.

वही

खिशात मावणारी वही आणि पेन्सिल. पावसात पेनची शाई पसरते. मोबाइलमध्ये लिहिलं तरी चालतं, पण मोबाइल समोर धरलेला माणूस फोटो काढतोय असं लोकांना वाटतं.

पहिल्या दिवशी चौकाचा नकाशा काढा, कसाबसा चालेल: रस्ते, थांबा, टपऱ्या, झाड, कट्टा, पाण्याचा नळ, सावली कुठून कुठं सरकते. मग लोक प्रत्यक्षात ज्या वाटेनं रस्ता ओलांडतात त्या रेषा काढा. झेब्रा क्रॉसिंगच्या आणि त्या रेषांच्या जागा क्वचितच जुळतात.

नोंद अशी असावी:

“शनिवार, सकाळी साडेदहा, कंबळी खूट. फुलवालीच्या पुढ्यात मोटारसायकल लागली. ती बोलली नाही, बुट्टी दोन वीत मागे ओढली. थोड्या वेळानं मोटारसायकलवाला आला, जाताना गजरा घेतला. ती मराठी, तो हिंदी. मला वाटलं: भीड पडली म्हणून घेतला. दुसरं काय: घ्यायलाच आला असेल, घरी काही असेल.”

यात नाव नाही, गाडीचा नंबर नाही, कुणाला ओळखता येईल अशी खूण नाही. हे कटाक्षानं पाळा. आपलं शहर एवढं मोठं नाही की वही हरवली तर कुणाच्या हाती लागणार नाही. आणि नोंद बसल्या जागी सविस्तर लिहू नका, दोन-चार शब्द टिपा आणि घरी जाऊन त्याच दिवशी वाढवा. दुसऱ्या दिवशी लिहिलेल्या नोंदीत आपण बघितलेलं कमी आणि आपल्याला वाटलेलं जास्त असतं.

कॅमेरा शक्यतो नको

फोटो काढायला लागलात की बघणं थांबतं. तरी काढायचाच असेल तर विचारून काढा, लहान मुलांचे काढूच नका, आणि कुणाचाही व्हिडिओ गमतीदार म्हणून पुढे पाठवू नका. कॅम्प भागात लष्करी आवाराजवळ फोटोला मनाई असलेले फलक आहेत, ते पाळा. जमावबंदी लागू असेल, मोर्चा असेल, किंवा दोन गटांत शब्दाला शब्द लागला असेल, तर वही बंद करून घरी जा. अशा वेळी नुसतं उभं राहून बघणंही गर्दी वाढवतं.

तुम्हालाही कुणीतरी बघत असतं

दोन-तीनदा एकाच जागी दिसलात की प्रश्न येणारच. “कुणाची वाट बघालाय?” त्याच्या पाठोपाठ “कुठल्या गल्लीचं तुम्ही?” बेळगावात माणसाचा पत्ता गल्लीनं सुरू होतो. पंच कोण, गणपती कुठला, हे त्यावरून कळतं. खोटं सांगू नका. “कुणाची नाही काका, बसलोय जरा, माणसं बघत” असं सरळ सांगितलं की बहुतेक जण हसतात, आणि मग शेजारी बसून स्वतःच सांगायला लागतात, हे दुकान पूर्वी कुणाचं होतं, या झाडाखाली कोण बसायचं. त्या वेळी वही काढू नका, ऐका. आपल्याला चौक दाखवणारा माणूस भेटला की बघणाऱ्याचं काम अर्धं हलकं होतं.

लहान गावात, जिथं सगळे ओळखतात, तिथं लपण्याचा प्रयत्नच सोडा. ओळखीच्या दुकानात बसा, गल्ल्याच्या शेजारी. दुकानदाराचा पाहुणा म्हणून बसलात की गिऱ्हाइकं तुमच्यासमोर मोकळेपणानं वागतात, आणि कोण आलं, कोण गेलं याची टिप्पणी दुकानदार फुकटात पुरवतो. त्या टिप्पणीतली निंदा गाळून घ्यायची, एवढंच.

सणाचे दिवस

ज्यांनी साधे दिवस बघितलेत त्यांनीच सणाचे दिवस बघावेत, नाहीतर रोषणाईत माणसं हरवतात.

शिवजयंती आपल्याकडे तिथीनं, वैशाख शुद्ध द्वितीयेला. त्यानंतरच्या चित्ररथ मिरवणुकीला सगळे देखाव्यांकडे बघत असतात. तुम्ही पाठ फिरवून बघणाऱ्यांकडे बघा: खांद्यावर पोर घेतलेला बाप, घरून आणलेल्या चटईवर जागा धरून बसलेल्या बायका, रात्री दोनला झोपेनं डुलणारी आजी जी प्रत्येक रथाला डोळे उघडते. आणि रथ पुढे सरकला की देखाव्यातला मावळा तलवार खाली ठेवून पाणी पितो, तो क्षण चुकवू नका.

अनंत चतुर्दशीची मिरवणूक हुतात्मा चौकातून निघते आणि कपिलेश्वर तलावावर दुसऱ्या दिवसापर्यंत विसर्जन चालू राहतं. सबंध वेळ थांबायच्या भरीस पडू नका. दोन वेळा जा: एकदा रात्री दहाच्या सुमाराला, आणि एकदा सकाळी सातला. सकाळी झोप न झालेले कार्यकर्ते, बसलेल्या आवाजाचे ढोलवाले, झाडायला आलेले सफाई कामगार आणि त्यांच्या मधून कामावर निघालेली माणसं एकाच रस्त्यावर असतात. कानात कापूस ठेवा, पायात बंद बूट घाला, आणि परतायची वाट आधीच बघून ठेवा.

सोबत कुणाला न्यावं

एकट्यानं बसणं उत्तम, पण अधूनमधून घरातल्या म्हाताऱ्या बाईला बरोबर न्या. गुडघे दुखत असतील तर रिक्षा करा आणि पाठ टेकता येईल अशी खुर्ची मिळेल तिथंच बसवा. त्यांना प्रश्न विचारू नका, नुसतं बसू द्या. थोड्या वेळानं त्या आपणहून बोलायला लागतात: ही बाई यळ्ळूरकडची असणार, तिनं पदर बघ कसा खोचलाय. हा माणूस बायकोशी भांडून आलाय, दोघं बघ कशी पुढं-मागं चाललीत. त्यांचे अंदाजही आपल्यासारखेच, तीन भाग करून लिहून ठेवा, आणि पुढच्या खेपेला त्यांना वाचून दाखवा. त्या दुरुस्त्या सांगतील, त्याही लिहा.